मोजपट्टीबाई आणि न उमटलेली वर्तुळं

पडदा वर जातो तो एका लांबट खोलीवर. डावीकडे जंतू वाढवायचं उबदार कपाट, उजवीकडे कुरकुरणारा फ्रीज, आणि खिडकीपाशी काचेची ताटली उजेडात तिरकी धरून उभी असलेली एक बाई. ॲप्रनच्या खिशातून स्टीलची मोजपट्टी डोकावतेय. सगळं रुग्णालय तिला मोजपट्टीबाई म्हणतं. अठ्ठावीस वर्षं एकच काम: ताटलीत रुग्णाचे जंतू पेरायचे, वर औषधाच्या इवल्या टिकल्या ठेवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ किती रुंद पडलं ते मोजायचं. वर्तुळ ऐसपैस, तर औषध चालतं.

त्या सकाळी ताटलीवर तिच्या बाबांचं नाव होतं. लघवीचा संसर्ग, अंग फोडणारा ताप. परवापासून तिसऱ्या मजल्यावर भरती.

बाबा गवंडी. जेवणं आटोपली की त्यांना आपलं काम समजावणं हा तिचा लाडका खेळ होता.

"जंतू स्वतःभोवती भिंत बांधतो, बाबा. पेनिसिलिन त्याच्या गवंड्यांचे हात धरून ठेवतं. भिंत अर्धवट, आत दाब, की फुटला!"

"म्हणजे आमच्याच धंद्याच्या मुळावर उठलात की गं! आणि ते दुसरं, लांब नावाचं?"

"सेफॅलोस्पोरिन. खानदान तेच, अंगरखा वेगळा. काही जंतू कात्री बाळगतात, पेनिसिलिनचा जीव ज्या कडीत असतो ती कडीच कापतात. अंगरखा बदलला की ती कात्री चालत नाही. मग जंतू नवी कात्री मिळवतो."

"लबाड! मग?"

"मग कार्बापेनेम. राखीव गडी. त्याची कडी सहजासहजी कापली जात नाही."

आता तीच सगळी मंडळी ताटलीत हजर होती. पेनिसिलिनच्या घरातल्या टिकलीला जंतू बिनदिक्कत चिकटून वाढलेले. सेफॅलोस्पोरिनच्या दोन टिकल्यांभोवती जेमतेम कड. फक्त मधल्या क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडच्या टिकलीच्या दिशेनं स्वच्छ जागा फुगून आलेली. हे ॲसिड स्वतः फारसं मारत नाही, कात्रीत अडकून बसतं. तेवढ्यात शेजारचं औषध काम उरकतं. म्हणजे या जंतूकडे नवी कात्री होती. कार्बापेनेमभोवती मात्र लख्ख वर्तुळ.

असे जंतू माजतात ते बहुतेक वेळा ही औषधं सारखी घेणाऱ्यांच्या अंगात. आणि बाबांनी तर सहा वर्षांत एक गोळी घेतली नव्हती. सहा वर्षांपूर्वी आई अशाच संसर्गानं गेली, एकही औषध लागू पडेना. तेव्हा धाकट्या भावानं, त्याचं औषधांचं दुकान, हिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं होतं: चिठ्ठीशिवाय कुणालाही गोळी नाही, घरात तर नाहीच.

मग चूक कुणाची? तिनं टिकल्यांना दोषी धरलं. त्या ज्यात ठेवतात तो फ्रीज परवा तासभर बंद पडला होता.

डॉक्टरांचा फोन आला. "बाई, सेफॅलोस्पोरिन चालू आहे, पण ताप हलत नाही. रिपोर्ट?"

"टिकल्यांची खात्री नाही, साहेब. पुन्हा लावते. उद्या देते."

दुसऱ्या दिवशी तिनं तपासणीसाठी राखलेल्या साध्यासरळ जंतूंची ताटली काढली. त्याच टिकल्या, आणि वर्तुळं अगदी मापात. टिकल्या निर्दोष! बाबांच्या ताटलीत पुन्हा कालचंच चित्र. तिनं फोन उचलला तर पलीकडून आधी डॉक्टरच बोलले, "रक्तदाब उतरलाय."

"कार्बापेनेम द्या. आत्ता!"

मोजपट्टी हातात तशीच घेऊन ती तीन जिने चढली. खाटेपाशी भाऊ मान खाली घालून उभा होता. बाबाच पुटपुटले, "त्याला बोलू नकोस. मीच मागायचो. खोकला आला की दोन गोळ्या, बरं वाटलं की बंद."

"किती वेळा?" तिनं भावाला विचारलं.

"मोजलं नाही, ताई."

"आणि मला कुणीच..."

"तू ओरडली असतीस," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

दोघांनी मिळून सहा वर्षं नाटक वठवलं होतं, आणि प्रेक्षक ही एकटी.

दोन दिवस तिनं भावाशी शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी बाबांचा ताप उतरला, त्यांनी चहा मागितला. भाऊ धावत प्रयोगशाळेच्या दाराशी आला, डोळे पुसत हसला.

"ताई, वाचले गं! आता तरी सोड की राग."

तिनं मोजपट्टी पुसली, खिशात ठेवली.

"एक अख्खा दिवस बाबा तसेच तापात पडून होते. मी टिकल्यांवर संशय घेतला रे. तुझ्यावर नाही."