गळे बघणाऱ्या बाई

लिहिणं हे माझं काम नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि दुसऱ्याविषयी लिहायला काही अधिकार लागतो असं ऐकून आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण देवगाव फाट्यावरच्या बाईंनी माणसांचे जितके गळे पाहिले तितके आमच्या परभणी जिल्ह्यात कुणीच पाहिले नसतील, सोनारांनीसुद्धा नाही. आणि हे कुणीतरी लिहायला हवं.

बाई चांगल्या बागायतदार घरातल्या. उन्हाळ्यात फाट्यावरच्या लिंबाखाली त्यांची पाणपोई असे. लोक म्हणत, केवढं पुण्य करायल्यात. पुण्याचं मला ठाऊक नाही, पण बाईंचं लक्ष पाण्यापेक्षा पिणाऱ्यावर असायचं. त्यांच्याकडे ओंजळीत पाणी मिळत नसे. तांब्या हातात घ्यायचा, मान मागे टाकून वरून प्यायचं, आणि समोर उभ्या राहून बाई प्रत्येक घोट उतरताना बघणार. "हळू. आणखी एक घोट," असा घोगरा हुकूम सुटे. तो ऐकून नवखा माणूस आधी मागे कुणी हवालदार उभा आहे का ते पाही. एकदा हारांनी लादलेले एक पुढारी जीपमधून उतरले, तर बाईंनी त्यांना आधी हार काढायला लावले. हार निघाल्यावर खाली गळाच नव्हता, हनुवटी थेट छातीला टेकलेली. बाईंनी त्यांना तांब्यामागून तांबे पाजले आणि शेवटी हताश होऊन सोडून दिलं. एसटीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकत, पण गळा पाहून झाल्याशिवाय प्रवासी सुटत नसे. माझा कंठमणी जरा जास्तच वरखाली होतो. त्यामुळे परभणीला जाताना आणि येताना माझी तपासणी ठरलेली.

याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी मुंबईला बाईंचं थायरॉईडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्यांचा आवाज बसला तो बसलाच, आणि रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी मागे लागली. गळ्यावरचा आडवा व्रण दुसरीने पदराने झाकला असता, बाई पदर सारून तो दाखवत आणि म्हणत, "हा माझा मुंबईचा दागिना." मग गंभीर होत. "गाठ दुखत न्हाई, म्हणून बाया दाखवत न्हाईत. माझीबी दुखत नव्हती. सगळ्याच गाठी वाईट नसत्यात, पण दाखवायला काय जातंय?"

एका उन्हाळ्यात आई माझ्याबरोबर फाट्यावर आली होती. आम्ही बौद्ध. आईने सवयीने वाकून ओंजळ पुढे केली. तिच्या आईला आणि आजीलाही पाणी असंच मिळालं होतं. बाईंनी तिची ओंजळ सोडवली आणि तांब्या हातात दिला. आईला वरून पिता येईना, निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. बाई हसल्या नाहीत.

"माय, परत एक घोट घे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आईच्या गळ्याला बोट लावलं. "ही कवापासून हाय?"

"हाय की लय दिसांची. दुखत न्हाई," आई म्हणाली.

बाईंनी मुंबईलाच दाखवायचा हट्ट धरला. आईचं म्हणणं, पेरणी होऊ द्या, मग बघू. माझी परीक्षा तोंडावर, वडील कधी जिंतूरच्या पुढे गेलेले नाहीत. मुंबईला नेणार कोण? बाईंच्या दिराने घरात बरीच कुरकुर केली म्हणतात. बाईंनी पाणपोईचे रांजण पालथे घातले आणि आईला घेऊन स्वतःच रेल्वेत बसल्या.

मी परभणीला वसतिगृहावर. नामांतराचे दिवस, गाड्या कधी चालत, कधी बंद. आई जगेल की नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. पेपर लिहीत होतो, काय लिहिलं ते आठवत नाही.

शेवटी एका सकाळी आमच्या गल्लीतला दगडूमामा वसतिगृहाच्या दारात उभा राहिला. तो मुंबईत पोराकडे गेला होता, दवाखान्यात आईला भेटून थेट आला होता.

"कॅन्सरच होता," तो म्हणाला. "पण समदी गाठ काढली. पुढं कुठं पसरली न्हाई, म्हणाला डाक्टर. तुझी माय बोलायलीय. बाईला म्हणाली, तुमी गावाकडं जा आता, तुमच्या घरचे बोलतेत. बाई म्हणल्या, दोघी संगंच जाऊ. तिच्या खाटंखाली चटई टाकून झोपायल्यात."