वाडी हरवल्याची तक्रार

ती सकाळ आठवली की अजूनही माझा आवाज चढतो. घरचे हसतात. म्हणतात, पुन्हा ड्युटीवर गेलात! नोकरीत खून, दरोडे, अपहरणं सगळं पाहिलं. पण काही प्रकरणं अशी असतात की सांगायला बसलं की माणूस खुर्चीच्या कडेवर येतो. हे तसं आहे.

पनवेल परिसरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती, बीटवरच्या अंमलदारांना कामं वाटून देत होतो. तेवढ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी गलका झाला. डोक्यावर सुक्या मासळीची पाटी तशीच ठेवून एक कोळीण उभी होती. वय पन्नाशीचं, नऊवारी घट्ट कसलेली, आवाज असा की लॉकअपमधले दोघे झोपेतून उठून बसले.

"वाडी नाय!" ती म्हणत होती. "सायेब, वाडी नाय!"

ठाणे अंमलदार वैतागला होता. "अहो मावशी, नाही म्हणजे काय? तक्रार काय आहे तुमची?"

"नाय म्हंजे नाय! मानसा नाय, घरा नाय. मंगलवारी व्हती. आज नाय."

ही बाई उरणकडच्या खाडीकाठच्या गावची. आठवड्यातून दोनदा सुकट-बोंबील घेऊन डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासी वाडीवर विकायला जायची. तिथल्या बायकांशी तिचं सख्य होतं. त्या दिवशी पोचली तर वाडीच्या जागी जेसीबी चालू होता.

"भट्टीवर गेले असतील कामाला," अंमलदार म्हणाला. तसा तो चुकीचं बोलत नव्हता. ही भूमिहीन माणसं. हंगाम लागला की वीटभट्टीवर, बांधकामावर, कुठं शेतमजुरीला जातात आणि महिनोन्‌महिने वाडी ओस पडते. पण मला त्या बाईच्या चेहऱ्यात भांडण दिसत नव्हतं, भीती दिसत होती. मी टोपी उचलली.

"पाटी खाली ठेवा मावशी. जीपमध्ये बसा."

बरोबर एक तरुण महिला उपनिरीक्षक आणि दोन अंमलदार घेतले.

जागेवर पोचलो आणि पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर कोंबड्या. उंबराच्या फांद्यांवर दहा-बारा कोंबड्या भेदरून बसल्या होत्या. भट्टीवर जाणारा माणूस भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं सगळं गाडीत घालून जातो. कोंबड्या मागे ठेवून कुणी जात नाही. खाली कारवीच्या कुडाच्या भिंती मोडून पडल्या होत्या आणि जेसीबी तो ढिगारा ओढ्याकडे ढकलत होता. अर्ध्याहून अधिक जमीन सपाट झाली होती. पण चुली राहिल्या होत्या. मातीच्या, तीन दगडांच्या, काळ्या चुली ठिकठिकाणी.

जेसीबी थांबवला, चावी काढून घेतली. एका पांढऱ्या गाडीतून इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस हसत हसत उतरला. जमीनमालकाच्या वतीने सरकारी कार्यालयातली कामं करून देणारा हा एजंट. असे लोक तालुक्यात पुष्कळ.

"या साहेब, या! कशाला त्रास घेतला? खाजगी जागा आहे. साफसफाई चालू आहे फक्त."

"इथले लोक कुठे आहेत?"

"लोक? इथे गुरांचे गोठे होते दोन-चार. मजूर यायचे-जायचे. गेले भट्टीवर."

इतकं सफाईदार उत्तर, की ते आधी घोकलेलं असावं. मी त्याला जीपशी उभं केलं आणि बाजूला जाऊन नियोजन प्राधिकरणातल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावला. जागेवरच्या फलकावरचा गट क्रमांक सांगितला. त्यांनी संगणकावर पाहून माहिती दिली.

ती जमीन नकाशात हरित पट्ट्यात होती. हरित पट्टा म्हणजे तिथे टोलेजंग इमारती बांधता येत नाहीत. मालकाने तो बदलून रहिवासी विभाग करून मागितला होता. विकास शुल्क भरायची तयारी दाखवली होती. अर्जात लिहिलं होतं, जागा मोकळी आहे, वस्ती नाही. आता फक्त अधिकाऱ्यांची स्थळपाहणी बाकी होती. पाहणीत जागा मोकळी दिसली, की प्रस्ताव पुढे सरकणार.

"पाहणी कधी आहे?" मी विचारलं.

"आजच. दुपारी."

डोक्यात लख्ख प्रकाश पडला! माणसं पळवली नव्हती, मारली नव्हती. ती फक्त आजच्या दुपारपुरती नजरेआड केली होती. पण कुठे? आणि आता सूर्य डोक्यावर यायला लागला होता.

एजंट बोलणार नव्हता, हे उघड होतं. तो वकिलाचा नंबर शोधत होता. मी त्याचा नाद सोडला. जागेच्या टोकाला एक ट्रक उभा होता, हौद्यात लहान मुलाची एक चप्पल पडलेली. ड्रायव्हर केबिनमध्ये अंग चोरून बसला होता. स्थानिकच होता. त्याला एजंटच्या नजरेपासून दूर, उंबराच्या पलीकडे नेलं.

चौकशीत एक गोष्ट मी अनुभवाने शिकलो होतो. गुन्ह्याबद्दल विचारलं की माणूस तोंड मिटतो. त्याच्या माणुसकीबद्दल शंका घेतली की तो उसळतो. मी त्याला 'कुठे' हे विचारलंच नाही.

"पोरांना उपाशी ठेवलंस ना रे?" मी म्हणालो. "सकाळपासून लेकरं उपाशी. तुझ्या घरी पोरं आहेत की नाहीत?"

तो ताडकन उभा राहिला. "नाय सायेब! देवाशप्पत नाय! वडापाव दिलाय सगल्यांना. बारक्यांना केली दिली. मी सोता वाटली!"

"कुठे वाटलीस?"

चूक त्याच्या लक्षात आली. मग डोळे पुसत म्हणाला, "मोऱ्याला. धक्क्यावर. लाँचीतून मुंबई दाखवनार म्हणून नेली सगल्यांना. लाँच लागनार नाय, ते मला नंतर समजला."

मोरा! उरणचं ते बंदर. ओहोटीला तिथे गाळ उघडा पडतो आणि लाँच धक्क्याला लागत नाही. त्या साठ-सत्तर माणसांना सांगून ठेवलं होतं, भरती आली की निघायचं. कुलूप नाही, पहारेकरी नाही. सबंध वाडी आपखुशीने समुद्राकडे बघत बसली होती, आणि इकडे त्यांची घरं ओढ्यात जात होती.

कोळीण आमच्या मागेच उभी होती. "मोऱ्याला माजा भाऊस हाय!" ती ओरडली आणि लगेच फोन लावला. "आरं, धक्क्यावर बघ, वाडीवरची मानसा हायत का... हायत? त्यांना हलू देव नको! पिकप तयार ठेव, आमी येतो!"

उपनिरीक्षकाला जागेवर ठेवलं. "घटनास्थळाचा पंचनामा सुरू कर. एक चूल सोडू नकोस." आणि जीप सुटली.

उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यालाच कळेल. सायरन वाजवत, कधी कडेच्या मातीतून, आम्ही मोऱ्याला पोचलो. धक्क्याच्या पत्र्याच्या सावलीत ती सारी माणसं बसली होती. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती, पोरींनी केसांत फुलं माळली होती. समोर नुसता चिखल. आमची जीप दिसताच 'भरती आली की निघू' असं सांगत त्यांच्यात बसलेला एजंटचा माणूस पसार झाला.

एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. वाडीवर तिचा शब्द चालायचा. "सायेब, आमाला धराया आलाव? आमी कायबी नाय केला."

कोळीण पुढे झाली. म्हातारीचा हात धरून म्हणाली, "आये, घरा पाडली तुमची. जेसीबीनी. उठा."

वाटलं होतं, रडारड होईल. तसं काही झालं नाही. कुणी विचारलं नाही, खरं का खोटं. सगळे एकदम उठले. झोपलेली पोरं खांद्यावर गेली.

कोळणीच्या भावाची पिकअप बाजाराला निघायला तयार होती, बर्फातल्या मासळीचे क्रेट रचलेले. त्याने वळून शेजारच्या दोन पिकअपवाल्या नातेवाइकांना हाक मारली. "माल उतरवा! पयली मानसा!" बघता बघता तीन गाड्या रिकाम्या झाल्या. मालवाहू गाडीत माणसं बसवणं नियमात बसत नाही. ते मला माहीत होतं, आणि माझ्या जबाबदारीवर बसवली अशी नोंद मीच नंतर स्टेशन डायरीत करायला लावली.

अर्ध्या वाटेत उपनिरीक्षकाचा फोन आला. "सर, पाहणीचे अधिकारी आलेत. म्हणतात, जागा मोकळी दिसते, टिपण करून निघतो."

"पंचनामा चालू आहे म्हणून सांग."

"सांगितलं सर. पण आमचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणतात."

मला एकदम सुचलं. "मग संबंध जोड! त्यांनाच पंच कर! सरकारी नोकर आहेत, याहून चांगले पंच कुठे मिळणार? प्रत्येक चुलीपाशी उभं करून मोजमाप घे!"

पलीकडून ती खळखळून हसली. "येस सर!" इतका आनंदाचा 'येस सर' मी पुन्हा ऐकला नाही.

म्हातारी जीपमध्ये माझ्या मागे बसली होती. तिने विचारलं, "सायेब, घरा कशापाई पाडली?"

मी जमेल तसं सांगितलं. सरकारच्या नकाशात जमिनीला रंग असतात. हिरव्या जमिनीवर इमारत होत नाही, पिवळी झाली की होते. रंग बदलायला जागा रिकामी दिसायला हवी.

"आनि आमी कंच्या रंगात?"

"तुम्ही नकाशात नाहीच, आजी."



आम्ही पोचलो तेव्हा सहायक नगररचनाकार, म्हणजे पाहणीचे मुख्य अधिकारी, घामाघूम होऊन एका चुलीशी उभे होते आणि उपनिरीक्षक टेप धरून मोजमाप सांगत होती. एजंट लांब उभा राहून फोनवर फोन करत होता. गाड्या थांबल्या. माणसं उतरली.

पुढे जे झालं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या सपाट केलेल्या जमिनीवर प्रत्येक कुटुंब चालत गेलं आणि आपापल्या घराच्या जागेवर जाऊन उभं राहिलं. नवरा, बायको, पोरं. शेजारी शेजारी घरं होती तिथे शेजारी शेजारी माणसं. मधून वाट जायची ती वाट मोकळी सोडलेली. एका बाईने वाकून चुलीतली माती हाताने काढली, पाचोळा गोळा केला आणि जाळ केला. मग दुसरीने. पाच-सात ठिकाणी धूर वर चढला. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, पण समोर सबंध वाडी उभी होती!

नगररचनाकारांनी वहीचं नवं पान उघडलं. शिस्तीचे गृहस्थ होते. एजंट घाईघाईने त्यांच्याजवळ आला. "साहेब, ही बाहेरून आणलेली माणसं आहेत..."

"अहो," ते म्हणाले, "आम्ही जागेवर जे दिसतं तेच लिहितो. मला वस्ती दिसते." आणि त्यांनी कुटुंबप्रमुखांना एकेक करून बोलावून नावं घ्यायला सुरुवात केली.

एजंटला त्याच दुपारी ताब्यात घेतलं. फसवणूक, घरांची नासधूस असे गुन्हे दाखल केले. पीडित अनुसूचित जमातीचे असल्यामुळे अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमं लागली आणि तपास सहायक आयुक्तांकडे गेला. जमीनमालकावरही आरोपपत्र झालं. ड्रायव्हर साक्षीदार झाला. कोर्टात तो डगमगला नाही. शिक्षा झाली, अपील झालं, ते कोर्टाच्या गतीने चालू आहे. घरं मात्र महिन्याभरात पुन्हा उभी राहिली. कारवी डोंगरातली, हात त्यांचेच, आणि पत्रे गावोगावच्या लोकांनी दिले.

पट्टा बदलण्याच्या प्रस्तावावर हरकती आणि सूचनांची सुनावणी झाली तेव्हा मी साध्या वेशात मागच्या बाकावर जाऊन बसलो. जमीनमालकाचे वकील होते, सल्लागार होते. म्हातारीची पाळी आली. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी नम्रपणे विचारलं, "आजी, तुमचा आक्षेप काय आहे?"

ती काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "आमी हाव. ह्योच आक्षेप."

प्रस्ताव फेटाळला गेला. वाडीची वस्ती म्हणून नोंद झाली.

या प्रकरणाने मला जे शिकवलं ते कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवलं नव्हतं. माणूस हरवला तर त्याचा बाप तक्रार देतो, घर लुटलं तर घरधनी देतो. पण सबंध वाडीच उचलली, तर तक्रार द्यायला मागे कोण उरतं? आमची सगळी यंत्रणा कुणीतरी दारात येईल या भरवशावर चालते. त्या दिवशी आलं म्हणून बरं. त्यानंतर ज्या ज्या ठाण्याचा कार्यभार घेतला, तिथे पहिल्या आठवड्यात हद्दीचा नकाशा घडी करून खिशात ठेवला आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत गेलो. प्रत्येक ठिकाणी नकाशात नसलेली माणसं भेटली. त्यांना मी एवढंच सांगायचो, मी इथला पोलीस, तुम्ही माझ्या हद्दीत राहता.