बारा दिवसांची हजेरी

एका सफाई कामगार बाईचं नाव कायम करायच्या यादीतून वगळावं, अशा टिपणीवर मी जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी सही केली. वेळ दुपारी सव्वाचार. टिपणी दीड पानाची होती. तिच्यातलं एकही विधान खोटं नव्हतं.

मी त्या शहराच्या नगरपरिषदेत आस्थापना विभागाची प्रमुख होते. नेमणुका, बदल्या, रजा, हजेरी, चौकशा, निवृत्त्या माझ्या टेबलावरून जात. त्याआधी नऊ वर्षं मी याच भागात वार्ताहर होते. परीक्षा देऊन नोकरीत आले. शहर जंगलाच्या काठावरचं आणि कॉलेजांचं. इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक, नर्सिंग, दोन जुनी डिग्री कॉलेजं. पोंभुर्णा, सिंदेवाही, पार सिरोंच्याकडची मुलं इथं खोल्या करून राहतात. कॉलेज चौकात रोज कुणाचा तरी वाढदिवस असतो. सकाळी रस्त्यावर केकचा फेस, चहाचे कागदी कप आणि तर्री-पोह्याच्या प्लेटा पडलेल्या असतात. मुलं वर्गात जायच्या आत ते सगळं उचललेलं असावं लागतं. वसतिगृहाच्या फाटकापासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंतचा तुकडा त्या बाईकडे होता. रोजंदारीवर, चौदा वर्षं.

त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला शासनाचं परिपत्रक आलं. रोजंदारीवरच्या ज्यांचे दरवर्षीचे ठरलेले दिवस भरले आहेत, त्यांना कायम करायचं. आमच्या यादीत नऊ नावं बसली. तिचं चौथं होतं. कायम झाली असती तर निवृत्तीपर्यंत कामाची खात्री, रजा आणि पुढे निवृत्तिवेतन. यादी अंतिम व्हायला तीन महिने होते.

त्याच महिन्यात मी हजेरी शेडमध्ये चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं. शेड कॉलेज चौकाच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली. हजेरी पहाटे साडेपाचला. धुळीसाठी बाया तोंडाला दुपट्टा बांधून येतात. पहिल्या दिवशी मी तिथं उभी होते.

"थोबाड उघडा म्हणते मशीन," रांगेतली एक म्हणाली.

"उघड वं. लग्नात नवऱ्यानं पाह्यलं नसन तेवढं हे पाहून घेते."

"अन् पसंत नाई पडली तं?"

"तं म्याडम दुसरी आणतीन."

सगळ्या हसल्या. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी पाण्याचा ग्लास मागितला. माठ रिकामा आहे, असं सांगण्यात आलं. माठाच्या तोंडावर ओलं फडकं होतं आणि बुडाशी पाणी पाझरत होतं.

यंत्र चारपाच चेहरे घेत नव्हतं. मुकादमानं विचारलं, "मशीननं नाई घेतलं तं मी काय करू?" मुकादम म्हणजे शेडचा प्रमुख, हजेरी घेणारा, बायांना काम वाटून देणारा. निवृत्तीला त्याला वर्ष राहिलं होतं.

"वहीत सही घ्या आणि पुढे शेरा लिहा. यंत्र बंद, किंवा चेहरा घेतला नाही," मी सांगितलं.

ही सूचना माझी होती.

मार्च संपता संपता मोहाची फुलं गळायला लागली. त्या दिवसांत पहाटे आमचे निम्मे शिपाईही जांभया देत येत, कारण घरातलं कोणी ना कोणी गावाला वेचायला गेलेलं असे. शेडमध्ये याची एक जुनी रीत होती. जिचं गाव जंगलात, ती दहा-बारा दिवस जायची. तिच्या जोडीदारणीनं स्वतःचा तुकडा झाडून तिचाही झाडायचा. मुकादमानं दोघींची हजेरी मांडायची. पुढे तेंदूपत्त्याला किंवा धान रोवणीला दुसरी गेली की पहिली तिचं काम करायची. रस्ता झाडलेला असे. त्यामुळे तक्रार कोणी करत नसे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. मोहाच्या झाडाखाली टोपली घेऊन बसलेली बाई. खाली एक ओळ: ही तुमच्या यादीतली चौथी, आज हजर आहे. फोटो कोणी पाठवला ते कळलं नाही. नंबर नंतर बंद होता.

एका फोटोवर बातमी होत नाही. दुसऱ्या दिवशी मी पावणेसहाला शेडमध्ये गेले. वहीत तिच्या नावापुढे सही होती आणि शेरा होता, चेहरा घेतला नाही. मागची आठ पानं तशीच. मी पानांचे फोटो काढले. मुकादम म्हणाला, ती कामावर गेली. तिच्या तुकड्यावर तिची जोडीदारीण झाडत होती. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "ती चहा प्याले गेली."

मी जीप काढायला सांगितली. गाव पोंभुर्ण्याच्या बाजूचं, दीड तासावर. शेवटचे दोन किलोमीटर ड्रायव्हर हॉर्न वाजवत गेला. त्या आठवड्यात वाघ त्या बाजूला होता आणि बाया चौघी-पाचींच्या गटानं वेचत होत्या. साडेआठला ती मला झाडाखाली दिसली. खालचा पालापाचोळा जाळून जागा साफ केली होती. टोपली अर्ध्याच्या वर भरली होती. मी फोटो काढला. तिनं तोंड फिरवलं नाही.

"काढून झाला?" तिनं विचारलं. "आता बसा. इथी काटे नाई."

मी उभीच राहिले. शहरात तिची सही झाली आहे, हे मी तिला सांगितलं.

"झालीच असन. माही जोडीदारीण कच्ची नाई."

"रजा का नाही मागितली?"

"हे झाड माह्या सासूचं. एक हंगाम बिनवेचलं राह्यलं तं गाव दुसऱ्याले देते. अन् तिकडं यादी लागून राह्यली. रजा मागतली असती तं तुमीच म्हटलं असतं, हिले कामाची गरज नाई."

मी तिला सांगितलं की कायम होण्यासाठी लागतात त्यापेक्षा तिचे दिवस दरवर्षी कितीतरी जास्त भरत होते. हे दहा-बारा दिवस गैरहजर लावले असते तरी नाव यादीत राहिलं असतं. लपवायची गरजच नव्हती.

ती वेचायची थांबली. "हे तुमी आता सांगून राह्यले?"

परिपत्रक नियमाप्रमाणे आस्थापना विभागाच्या फलकावर लावलं होतं. हजेरी शेडमध्ये लावल्याची नोंद नाही. मी नंतर तपासलं.

नियमात वाट होती. मुकादमानं लेखी कबूल केलं असतं की नोंद त्यानं चुकीची घेतली, तर त्याला ताकीद मिळाली असती, जोडीदारणीला समज मिळाली असती, बारा दिवस विनावेतन गैरहजेरीत गेले असते आणि तिचं नाव चौथ्याच क्रमांकावर राहिलं असतं. पण तिघांनी हजेरी खरी असल्याचं चौकशीत सांगितलं, तर ती खोटी साक्ष ठरत होती. मग शिस्तभंग, आणि शिस्तभंग असलेलं नाव यादीत राहू शकत नव्हतं. मुकादम आणि जोडीदारीण कायम होते, त्यांची नोकरी जाणार नव्हती. रोजंदारीवर एकटी तीच होती.

हे सांगायला मी मे महिन्यात शेडमध्ये गेले. ती गावाहून परत आली होती. यंत्रानं त्या दिवशी तिचा चेहरा पहिल्याच वेळी घेतला होता. मी तिघांना एकत्र बसवलं आणि दोन्ही शक्यता सांगितल्या. फोटो माझ्याकडे आहेत, तेही सांगितलं.

"खरं सांगा, नाव जाणार नाही," मी म्हणाले.

जोडीदारीण उभी राहिली. "मुकादम भाऊ, आठवते का हे बोलणं? याच बाईचं हाये. तवा हिच्या हातात पेन होता."

मलाही आठवत होतं. सहा वर्षांपूर्वी, वार्ताहर असताना, मी याच शेडवर बातमी केली होती. बायांना हातमोजे आणि बूट कागदावर मिळाले होते, प्रत्यक्षात नाही. दोन रोजंदारी बाया बोलायला तयार नव्हत्या. खरं सांगा, काही होणार नाही, असं मी त्यांना म्हणाले होते. बातमी त्यांच्या फोटोसह पहिल्या पानावर लागली. पुढच्या सोमवारी दोघींना कामावर घेतलं नाही. बातमी बरोबर होती. तिच्यात एकही दुरुस्ती छापावी लागली नाही. कामावर न घेतल्याची बातमी मी केली नव्हती. तेव्हा माझी बदली दुसऱ्या आवृत्तीला झाली होती.

"त्यातली एक माही नणंद होती," जोडीदारीण म्हणाली. "ती आता कुठी हाये, विचारा ना. तुमाले विचारता येते ना लय?"

मी विचारलं नाही.

"तवा खरं सांगतलं तं काम गेलं," मुकादम म्हणाला. "आता कोणतं खरं पाह्यजे तुमाले?"

ती बाई सगळा वेळ झाडूची काडी दातात धरून बसली होती. शेवटी म्हणाली, "म्याडम, तुमी जा. ऊन होऊन राह्यलं."

चौकशी जूनच्या पहिल्या सोमवारी माझ्या दालनात झाली. बाहेर युनियनचे वीसेक लोक बसले होते. घोषणेत माझं आडनाव होतं. आमच्या शिपायानं त्या दिवशी मला चहा आणला नाही. नंतरही आणला नाही. मुकादमानं सांगितलं, बाई बाराही दिवस हजर होती. जोडीदारणीनं तेच सांगितलं. तिनंही तेच सांगितलं. आधी ठरवून आल्यासारखे तिघांचे शब्द जवळपास एक होते.

मी वहीचे आणि झाडाखालचा असे फोटो समोर ठेवले.

"फोटो जुना असन," मुकादम म्हणाला.

"मी काढलाय. तारीख आहे."

"मंग तुमालेच सारं माहीत हाये, तं आमाले काऊन विचारून राह्यले?"

मी पुन्हा एकदा विचारलं, जबाब बदलायचा आहे का. तिघांनी नाही म्हटलं. मी तिच्याकडे बघून वेगळं विचारलं. तिनं जोडीदारणीकडे बघितलं आणि म्हणाली, "माह्यासाठी तिनं दोन दोन रस्ते झाडले. मी तिले खोटी पाडू का?"

हे वाक्य मी जबाबात लिहून घेतलं. त्यातून कबुली निघत होती. पण तिनं ते वाक्य आपलं असल्याची सही करायला नकार दिला, म्हणून ते काढावं लागलं.

मुख्याधिकाऱ्यांना मी दोन पर्याय तोंडी सांगितले. एक, नाव वगळणे. दोन, मुकादमाची नोंद चुकीची ठरवून तिला फक्त गैरहजर धरणे. दुसऱ्याला कागद नव्हता. एकही जबाब त्या बाजूचा नव्हता. एक गोष्ट माझ्याच हातात होती: झाडाखाली ती मला जे बोलली ते मी माझ्या सहीनं प्रतिज्ञापत्र म्हणून देऊ शकत होते, तिनं लपवलं नाही, विचारल्यावर सरळ सांगितलं, असं.

"मग तुम्ही साक्षीदार होता, चौकशी अधिकारी राहत नाही," ते म्हणाले. "वही शेऱ्यावर चालवायची सूचना कोणाची होती, तेही मग विचारतील. बघा. टिपणी तुमची. मी खाली सही करतो."

मी प्रतिज्ञापत्र दिलं नाही. शुक्रवारी टिपणीवर सही केली.

त्यानंतर माझ्या घरासमोरच्या गल्लीत एक बदल झाला. सकाळी गल्ली झाडलेली असे, माझ्या फाटकाच्या डावीकडे आणि उजवीकडे. फाटकासमोरचा साताठ फुटांचा पट्टा तसाच. पानं, कागद, शेजारच्या लग्नातल्या पत्रावळी. मी स्वच्छता निरीक्षकाला कळवलं. त्यानं गल्ली झाडल्याची नोंद दाखवली. नोंद बरोबर होती.

जुलैच्या एक तारखेपासून तिची रोजंदारीही बंद झाली. तसं पत्र तिनं घेतलं नाही. ते शेडच्या भिंतीवर चिकटवलं आणि पंचनामा केला. पंच म्हणून सही करायला शेडमधलं कोणी पुढे आलं नाही. शेवटी ड्रायव्हरनं केली. कायम झालेल्यांची यादी आठ नावांची निघाली.

कॉलेजं सुरू झाल्यावर, जुलैच्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी कॉलेज चौकात होते. वसतिगृहाच्या फाटकापासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंतचा रस्ता झाडलेला होता. त्या तुकड्यावर तोपर्यंत कोणाचीही नेमणूक झालेली नव्हती. मी शेडमध्ये जाऊन यंत्र तपासलं. त्या तुकड्यापुढे चेहरा नव्हता. मग वही उघडली. छापील नावांच्या खाली तिचं नाव पेनानं लिहिलेलं होतं. पुढे जोडीदारणीच्या अक्षरात सही होती, आणि शेरा होता: चेहरा घेतला नाही.