केसपेपरवरची इंदू

"लेवी बॉडी डिमेन्शिया," म्हापशाचे डॉक्टर म्हणाले आणि माझ्यासाठी कागदावर मेंदूचं चित्र काढू लागले. मेंदूत एक प्रकारचं प्रथिन साचत जातं. विसरभोळेपणा येतो, हातपाय आखडतात, एक दिवस बरा तर एक दिवस वाईट जातो. आणि नसलेली माणसं दिसतात, अगदी स्पष्ट.

"आईंना घरात कोणी दिसतं का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणणार, इतक्यात आईच म्हणाली, "दिसता न्हय! सोप्यार एक बायल बसता."

सोपो म्हणजे आमच्या डिचोलीच्या घराच्या दारातला सिमेंटचा बाक. तिथं तिला एक बाई बसलेली दिसत होती. दर रविवारी दुपारी आई मला सांगायची, "भायर बसल्या तिका च्या दी." मला वाटायचं, शेजारीण येऊन गेली असेल. मी दोन महिने चहा न देता तशीच राहिले. डॉक्टरांसमोर बसून मला स्वतःचाच संताप आला.

मी पेडण्याच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. नवरा मुरगावच्या गोदीत, आठवड्यातून एकदा घरी येतो. आई कोरगावहून माझ्याकडे आलेली. आता तिला एकटं ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे दिवसभराची बाई ठेवायची, नाहीतर मी नोकरी सोडायची. तिसरा मार्ग नव्हता.

आमच्या कारखान्यात 'फ्लेक्सी' नावाची सोय आहे. वर्षाच्या सुरुवातीला पगारातला काही भाग बाजूला ठेवून घ्यायचा. तो घरच्यांच्या उपचारांना आणि आपल्यावर अवलंबून असलेल्यांच्या देखभालीला वापरता येतो. मार्चपर्यंत बिलं दिली नाहीत तर पैसे बुडाले, हात चोळत बसायचं. मी फॉर्ममध्ये 'डिपेन्डन्ट' म्हणून आईचं नाव घातलं होतं आणि विसरून गेले होते. आता तोच आधार होता. बेळगावकडच्या काशीबाईंना मी त्या भरवशावर कामाला बोलावलं.

इस्पितळाची आणि काशीबाईंच्या पगाराची बिलं कारखान्यातून परत आली. त्यावर शेरा होता: रुग्ण आपल्या यादीत नाही.

माझ्या फॉर्मवर आईचं नाव सुलोचना. इस्पितळाच्या कागदांवर इंदुमती.

चूक कुठं झाली ते लगेच कळलं. पहिल्या दिवशी मी स्कूटर लावत होते, तेव्हा आई एकटीच इस्पितळाच्या काउंटरवर गेली होती. नाव विचारल्यावर तिनं माहेरचं सांगितलं. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहितात आणि जुनं नाव त्या दिवशी संपतं. पन्नासेक वर्षांपूर्वी संपलेलं नाव आईनं केसपेपरवर घातलं. मी ते पाहिलं होतं. म्हटलं, केसपेपरच तर आहे, काय बिघडतं!

"गे, तुझं नाव सुलोचना ना?" मी घरी येऊन तिला विचारलं.

"ना. म्हजें नांव इंदू. बापायन दवरलें." बापानं ठेवलेलं नाव, म्हणून तेच तिचं. मग तिनं दाराकडे बोट केलं. "सुलोचना ती. भायर बसल्या."

भर दुपार होती. बाहेर ऊन, बाक रिकामा.

"ती काय करते गे तिथं?"

"पिशवी घेवन बसता. तिका घरा वचपाक जाय. पूण घर खंय तें तिका कळना."

घरी जायचंय, पण घर कुठं ते ठाऊक नाही, अशी कोणी तिथं बसलीय हे ऐकल्यावर मी बाकावर बसायचं सोडलं. हसाल तर हसा. काशीबाईंना मी एका शब्दानं बोलले नव्हते, तरी त्या झाडताना बाकाचं एक टोक सोडून झाडायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "कुनीतरी बसल्यागत वाटतंय, ताई."

ही माणसं आजार दाखवतो, भूत नव्हे. डॉक्टरांनी हे मला तीनदा सांगितलं, आणि तुम्हालाही मी तेच सांगते. ती घालवायला मनानं कुठलीही गोळी देऊ नका. या आजारात काही औषधं उलटतात. वादही घालू नका.

इस्पितळ म्हणालं, नाव बदलायला प्रतिज्ञापत्र आणा. मार्चचा शेवटचा आठवडा. काशीबाई दोन दिवसांसाठी गावी गेलेल्या, म्हणून आईलाही घेऊन मी डिचोलीच्या नोटरीकडे गेले. त्यांनी वाचून दाखवलं: इंदुमती आणि सुलोचना ही एकाच व्यक्तीची नावं आहेत. प्रतिज्ञा माझी होती, पण त्यांनी सहज आईकडे वळून विचारलं, "आजी, दोनूय नांवां तुमचींच मगो?"

आईनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "म्हाका कित्याक विचारता? ती बसल्या न्हय, तिका विचार."

नोटरी हसले. मग खुर्चीकडे बघून हसायचे थांबले आणि त्यांनी शिक्का मारला. मी सही केली. सही करताना मी खोटं लिहितेय असं मला वाटत होतं.

बिलं मंजूर झाली. काशीबाई राहिल्या, माझी नोकरी राहिली. इस्पितळातल्या ज्या मुलीनं दुपारचं जेवण बाजूला ठेवून सगळे कागद बदलून दिले, तिचं मी रोज नाव घेते. तुमच्यावर अशी वेळ आली तर कंपनीच्या फॉर्मवर आणि केसपेपरवर एकच नाव आहे ना, ते आधी बघा. आमच्या बायकांची नावं दोन-दोन असतात, माझीसुद्धा आहेत. कारखान्यात मी स्वाती, ते सासरचं.

आई आता मला ओळखत नाही. परवा मी बाकावर तिच्याशेजारी, एक जागा सोडून बसले.

"तूं कोण गो?" तिनं विचारलं.

स्वाती म्हणणार होते, पण तोंडून माहेरचं नाव निघालं. "शेवंती."

"बरें नांव. कोणें दवरलें?"

"तुवेंच गे."

ती आमच्या मधल्या रिकाम्या जागेकडे वळली आणि हळूच म्हणाली, "आयकलें गो? आमी दवरलें म्हणटा ही."