सतरा नंबरचा शिक्का

चाकू आला तो अष्टमीच्या सकाळी, दुर्गापूजेच्या मांडवातला ढाक, तो मोठा ढोल, जोरात वाजत असताना. खोक्यावर चिन्मयचं नाव होतं, कारण चारुदत्त लघाटे यांनी तो भाच्याच्या नावानं मागवला होता. स्वतःच्या नावानं मागवला असता, तर बनवणाऱ्यानं पाठवलाच नसता. बनवणारा होता बराकपूरचा सलील, आणि सलीलवर उट्टं काढायला लघाटे एकोणीस वर्षं टपून बसले होते.

लघाटे आता त्रेसष्ट वर्षांचे. गार्डन रीचला नदीकाठी जहाजं दुरुस्त करणारा एक छोटा खाजगी कारखाना होता, आता तो बंद पडला. तिथं ते माल तपासत. पोलादाची प्लेट पसंत पडली की लघाटे तिच्यावर आपला शिक्क्याचा पंच ठेवून हातोडी मारत आणि गोलात सतरा आकडा उमटे. तो सतरा म्हणजे लघाट्यांचा शब्द. नापसंत प्लेटवर तो त्यांनी जन्मात मारला नाही, आणि हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत. माणूस तसा वैतागवाणाच होता.

सलील त्यांच्या हाताखालचा. पुण्याहून एकटा आलेला, लघाट्यांकडे घरच्यासारखा राबता असलेला. एकोणीस वर्षांपूर्वी खंडेनवमीला लघाट्यांच्या बायकोनं, शोभाबाईंनी हट्ट धरला, "ज्यावर आपलं पोट चालतं तो पंच पाटावर नको?" पंच कारखान्याबाहेर न्यायला सक्त बंदी होती. पण पूजेच्या सुट्ट्या होत्या, कोण बघतंय म्हणून लघाट्यांनी तो खिशात घालून घरी आणला. पाटावर मायक्रोमीटर, कानस, हातोडी आणि मधोमध पंच. चार घरची माणसं पुरणपोळी जेवून गेली, त्यात सलीलही होता. दुसऱ्या दिवशी पाट उचलताना पाहिलं, तर पंच नाही.

सुट्टी संपल्यावर कळलं की लघाट्यांनी नाकारलेल्या अकरा प्लेटा एका मालवाहू बार्जला बसल्यात आणि प्रत्येकीवर सतराचा शिक्का आहे. सुट्टीत कामावर एकटा सलील होता. महिन्याभरात बार्ज गळायला लागली आणि चौकशी बसली. "पंच कुठं होता?" असं विचारल्यावर लघाटे म्हणाले, "माझ्या कपाटात, कुलपात." घरी पूजेला नेला होता हे सांगायची हिंमत झाली नाही. झालं! कपाट उघडलं तर रिकामं. लघाटे आपल्याच थापेत अडकले. निवृत्त होईपर्यंत गोदामात बसले, आणि त्यांची खुर्ची सलीलला मिळाली.

हे सगळं त्यांनी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते शोभाबाईंचं एक वाक्य. चौकशीच्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या होत्या, "गडबडीत तुम्हीच मारले असतील का हो शिक्के? आणि मग घाबरून पंच नदीत...?" पुन्हा कधी त्यावर बोलल्या नाहीत. पण त्यांना तसं वाटलं होतं, आणि ते लघाट्यांच्या जिव्हारी लागलं होतं. दर खंडेनवमीला ते पाटाच्या मधोमध एक जागा रिकामी ठेवत आणि तिथं झेंडूचं एक फूल वाहत. शोभाबाई बघून न बघितल्यासारखं करत.

आता सलील हातानं चाकू बनवतो, रानावनात फिरणाऱ्यांसाठी. फोनवर अशा शौकिनांचा एक मोठा गट आहे. नवा चाकू घेतला की तिथं 'पहिलं मत' लिहायचं, असा तिथला रिवाज. सलीलचं तिथं भारी कौतुक. लघाट्यांचा बेत साधा होता. चाकू तपासायचा, खोट काढायची आणि हजारो लोकांसमोर सलीलची अब्रू काढायची.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, भिंग काढलं, कानस काढली. म्यानापासून सुरुवात केली. कातड्याची शिवण एकसारखी, एक टाका चुकलेला नाही. चाकू उलटा धरून झटकला, तरी पडला नाही. लघाट्यांनी नाक मुरडलं. मूठ शिसवाची, हातात अशी बसली की सोडवेना. लाकूड आणि पोलाद यांच्या सांध्यात नख शिरेना. पातं उजेडासमोर धरून पाठ पाहिली, अगदी सरळ. दोन्ही बाजूंचे उतार मायक्रोमीटरनं सात ठिकाणी मोजले, सातही ठिकाणी सारखे. धारेवर कानस घासून पाहिली तर ती सुळकन घसरली, म्हणजे पोलादाला पाणीही बरोबर दिलेलं. शेवटी टोमॅटो कापला. टोमॅटोला कळलंसुद्धा नसेल.

"हरामखोराला येतं बनवायला," लघाटे पुटपुटले. तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हे सगळं त्यांनीच शिकवलं होतं त्याला, सात जागी मोजायचं हेसुद्धा.

हार मानून म्यानात घालताना पाठीवर, मुठीला अगदी खेटून, अंगठ्याखाली काहीतरी खरखरलं. फोटोत कधीच न दिसणारी जागा. त्यांनी भिंग लावलं.

गोल होता. गोलात सतरा. आणि साताचा पाय खाली तुटलेला.

तो पाय लघाट्यांच्याच हातून तुटला होता. पंच एकदा लोखंडी जिन्यावरून पडला होता. दुसऱ्या कुठल्याही पंचाला असा साताचा पाय नव्हता. तोच पंच सलील आता आपल्या चाकूंवर मारत होता. ज्याचा शिक्का होता तो म्हातारा कुठं चाकू विकत घेतोय, असं सलीलला वाटलं असणार.

त्यांनी शोभाबाईंना हाक मारली आणि भिंग हातात दिलं. शोभाबाईंनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग पदरानं भिंग पुसून तिसऱ्यांदा पाहिलं.

"उद्या खंडेनवमी," त्या म्हणाल्या. आवाज थंड होता. "सलीलभाऊजींना जेवायला बोलवा. पुरण घालते."

सलील आला. बराकपूरहून लोकलनं सियालदह, तिथून दोन बस. चारुदांनी, म्हणजे लघाट्यांनी, इतक्या वर्षांनी बोलावलं म्हणून खुशीत होता, संदेश मिठाईचा डबाही आणला होता. शोभाबाईंनी त्याच्या हातात झेंडूचं फूल दिलं. "आधी पाटाला नमस्कार करा, भाऊजी."

तो वाकला. मायक्रोमीटर, कानस, हातोडी. मधोमध चाकू, पाठ वर करून ठेवलेला. फूल धरलेला हात तसाच थांबला.

"वाहा ना," शोभाबाई म्हणाल्या. "तुमचाच आहे. शिक्का तेवढा आमचा."

"चारुदा, तेव्हा वरून दबाव होता... बार्ज अडली होती, मला सांगितलं की..."

"मला काही सांगू नकोस," लघाटे म्हणाले आणि फोनवर अंगठा दाबला. सलीलच्या खिशात टुण्ण वाजलं. त्यानं फोन काढला, तर गटावर लघाट्यांचं 'पहिलं मत' आलं होतं. म्यान, मूठ, पातं, धार, एकेका गोष्टीची मनापासून तारीफ होती. शेवटी लिहिलं होतं: 'एकच खोट. पाठीवरचा शिक्का बनवणाऱ्याचा नाही. तो एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या देवासमोरून चोरलेला आहे. चोर आत्ता माझ्या घरी उभा आहे. चारुदत्त लघाटे, निरीक्षक, क्रमांक सतरा.'

फोन पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला.

"वहिनी..." सलील म्हणाला.

शोभाबाईंनी मांडलेल्या तीन ताटांतलं एक उचलून ओट्यावर पालथं घातलं. संदेशचा डबा त्याच्या हातात परत दिला. "उद्या पंच आणून द्या. दारातच द्या, आत येऊ नका."

तो गेल्यावर त्यांनी नवऱ्याच्या ताटात पोळी वाढली, वर तूप घातलं.

"मी तेव्हा तसं बोलायला नको होतं," त्या म्हणाल्या.

लघाट्यांनी पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"एकोणीस वर्षं लागली तुला," ते म्हणाले. "तूप अजून घाल."