उंटाला कितवा नंबर?

आमच्या येरमाळ्याच्या दुकानात जळालेल्या मोटारी येतात अन् दुरुस्त होऊन जातात. किस्से मात्र येतात ते इथंच राहतात. जुन्या तारेच्या भेंडोळ्यासारखे कोपऱ्यात पडून असतात. एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात! यंदा पिक्चरचे नंबर लावायला बसलो अन् तसंच झालं.

आधी माणसं सांगतो. दुकान विकासदादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. पाण्याच्या मोटारीतली जळालेली तार काढून नवी भरायची, हे आमचं काम. मी आठवीत शाळा सोडली आणि त्याच्या शेजारी बसलो. बाजूला इस्माईलचाचांचं वेल्डिंग. आणि समोर उभा असतो दत्ता. त्याचा टेम्पो कमी अन् तोंड जास्त चालतं. दर डिसेंबरला आम्ही चौघं वर्षभरातल्या पिक्चरचे नंबर लावतो.

यंदा तिघंच होतो. दिवाळीच्या तोंडावर हायवेवर दादाची गाडी घसरली आणि दादा गेला. हे वाक्य लिहायला सोपं आहे, म्हणून आधीच लिहून टाकलं.

*

नंबर लावायचा नियम दादाचा. प्रत्येकानं आपल्या पिक्चरची बाजू मांडायची, पण हातातला चहा संपेपर्यंतच. ग्लास रिकामा, वकिली बंद! दत्ता चहा फुर्रकन ओढतो, म्हणून त्याचा पिक्चर कायम तळाला.

चाचांचं उलटं. एका साली त्यांनी मारामारीच्या पिक्चरसाठी ग्लास हातात धरला तो धरलाच. चहावर साय आली, साय सुकली, दोन गिऱ्हाईकं येऊन गेली, तरी चाचा बोलतायतच. शेवटी दादा हात जोडून म्हणाला, "चाचा, पिऊन टाका. देतो पहिला नंबर!"

चाचा म्हणाले, "अब क्या पीना? ठंडा हो गया! दुसरा सांग. दुसऱ्या नंबरचं बी बोलायचं हाय मला!"

*

पिक्चरची खरी नावं आमच्यात कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्यात जे असेल ते नाव. विहिरीचा, कोर्टाचा, दोन बायकांचा. यंदा दादा विहिरीचा बघून आला आणि असा रंगवून सांगितला की दत्ता टेम्पो रिकामा करून थेट बार्शीला गेला. तिकिटाच्या खिडकीवर म्हणाला, "विहिरीच्या पिक्चरचं एक द्या."

आतला माणूस बघतच राहिला. दत्तानं हातानं विहीर करून दाखवली, दोर ओढून दाखवला. मागं रांग लागली. तो माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, विहीर काल उतरली. आजच्यात निस्ता स्विमिंग पूल हाय. चालंल का?"

दत्ता बसला की बघत! यंदा त्यानं स्विमिंग पूललाच मत दिलं. म्हणाला, "पाणी तर होतं!"

*

आमच्यात प्रत्येकजण पिक्चर आपापल्या धंद्यातून बघतो. विहिरीच्या पिक्चरला अख्खं थेटर रडत होतं म्हणे. शेवटी विहिरीला पाणी लागतं, म्हातारा बटण दाबतो, मोटार सुरू होते. दादा मात्र हसत होता. शेजारच्या बाईनं त्याला झापलं, "माणूस हाईस का कोण?"

दादा म्हणाला, "ताई, आवाज ऐका की! दाखवली पाण्यातली मोटार अन् आवाज पिठाच्या गिरणीचा!"

विहीर गेली पाचव्या नंबरवर.

चाचाही त्याच वाटेचे. एका पिक्चरात हिरो चष्मा न लावता वेल्डिंग करतो आणि समोरून हिरोईन निघून जाते, तरी त्याला कळत नाही. सगळे हळहळले. चाचा म्हणाले, "कळंल कसं? डोळे गेले की त्याचे! ही प्रेमाची न्हाय, चष्म्याची गोष्ट हाय."

*

मोटार भरताना तारेचे वेढे मोजावे लागतात. मोजताना बोलायचं नाही, हे दादानंच मला शिकवलं आणि दादाच पाळायचा नाही. लोहाऱ्याकडचे एक पाटील मोटार घेऊन आले होते. दादा वेढे मोजता मोजता त्यांना कोर्टाचा पिक्चर सांगत होता. ऐन साक्षीला पाटलांची जीप आली आणि ते अर्ध्यातून उठले. इकडं दादाचे वेढे चुकले.

चार दिवसांत तीच मोटार जळून परत! पाटील जीपमधून उतरले तेव्हा मी दुकानाच्या मागं गेलो. शिव्या ऐकायची माझी तयारी नव्हती. दादा खाली मान घालून म्हणाला, "चुकलं, पाटील. फुकट भरून देतो."

पाटील म्हणाले, "मोटारीचं मरू द्या हो! ती बाई केस जिंकली का, तेवढं सांगा. चार दिवस झोप न्हाय!"

कोर्ट तिसऱ्या नंबरवर. पाटलांचं मत धरून.

*

आता उंटाचा. दादानं बघितलेला शेवटचा पिक्चर. एका गावात वाळवंटाकडून आलेल्या मेंढपाळांच्या तांड्यातला उंट चुकून मागं राहतो. गावातलं एक पोरगं घरी न सांगता तो उंट पोचवायला निघतं, पार वाळवंटापर्यंत. दादानं इथवर सांगितलं आणि थांबला.

"मग?" मी म्हणालो.

"पुढचं तुमी बघा."

दादानं शेवट सांगितला नाही, असं कधी झालं नव्हतं. त्या दिवसापासून मला त्याचं कोडं आहे. दत्ता म्हणाला, "झोपला असंल थेटरात." चाचा म्हणाले, "लाइट गेली असंल." मी दोनदा विचारलं. दादा नुसता तार गुंडाळत राहिला. तिसऱ्यांदा विचारायला तो राहिला नाही.

यंदा बसलो तेव्हा मी म्हणालो, "दादाचं एक मत पडलं पाहिजे. उंटाला."

दत्ता चाचरत म्हणाला, "गेलेल्या माणसाचं मत कसं धरायचं रे?"

"इलेक्शनला धरतात की!" चाचा म्हणाले.

हसलो आम्ही. दादा गेल्यापासून त्या दुकानात पहिल्यांदाच कुणी हसलं. मग चाचाच म्हणाले, "पर बबलू, शेवट ठाऊक नसलेल्या पिक्चरला नंबर कसा द्यायचा? विकासला पसंत पडला का न्हाय, तेच कळंना."

मला तेच तर हवं होतं. मी तिथल्या तिथं दत्ताच्या खिशातला मोबाइल काढून त्याच्या हातात दिला. "शोध. आत्ता!"

*

दुपारची लाइट गेली होती, कामं बंद. मोबाइल एका जुन्या मोटारीला टेकवला आणि तिघं पोत्यावर दाटीवाटीनं बसलो. येडेश्वरीच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते, म्हणून आवाज नीट येत नव्हता. आधी दत्ताची बडबड चालली होती. "उंट काम लई भारी करतोय! पोरापेक्षा उंटालाच बक्षीस द्या!" नंतर त्यानंच मोबाइलचा आवाज वाढवला.

वाळवंटात वादळ येतं. उंट मालकाच्या दारात जातो. एकटाच. पाठीवर पोराची पिशवी.

पिक्चर संपला. मी बाजूला बघितलं, तर चाचांनी डोळ्यांवर वेल्डिंगचा काळा चष्मा चढवलेला. अख्ख्या येरमाळ्यात लाइट नव्हती!

दत्ता म्हणाला, "पहिला नंबर."

चहा मागवायचं कुणाला सुचलंच नाही.

*

शेवटचा किस्सा घरचा. आई कधी थेटरात गेली नाही. दादा बघून आला की चुलीपुढं बसून तिला पिक्चर सांगायचा. तो गेल्यापासून आई कामापुरतं बोलायची. मी तर तेवढंही नाही. जेवायचो आणि बाहेर.

त्या संध्याकाळी मी आलो तेव्हा ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "बबलू, त्या उंटाचं पुढं काय झालं रे?"

मी दारातच थांबलो. आजच का विचारलं तिनं? डोक्यात ते वादळ अजून चालू होतं. तोंडाला येईल ते बोलून गेलो. "पोचवला की त्यानं उंट."

"अन् पोरगं?"

"पोरगं आलं घरी."

"चालत?"

"न्हाय. एसटीनं. मालकानंच बसवून दिलं. खिडकीपाशी जागा मिळाली त्याला." बोलायला लागलो तसं मला थांबताच येईना. रस्त्यात गाडी पंक्चर केली, कंडक्टरला चांगला केला, पोराला झोप लागली, गाव आल्यावर शेजारच्या म्हातारीनं उठवलं. आई ऐकत होती. तव्यावर भाकरी फुगली, तिनं ती काढली, दुसरी टाकली.

"पिक्चर चांगला हाय," मी म्हणालो.

"व्हय," आई म्हणाली. "विकासनं पहिल्याच दिशी शेवट सांगितला होता मला. वादळ, पिशवी, समदं."

आईनं ताट वाढलं, माझ्याकडं सरकवलं, आणि पुन्हा पिठात हात घालून म्हणाली,

"बस. मग? घरी आल्यावर काय केलं आईनं त्याला खायाला?"