मार्चअखेरच्या सभा आणि गेनूशेठचा विरोध

आमच्या कचेरीत शाई संपायची, रॉकेल संपायचं, किस्से मात्र कधी संपले नाहीत! जुन्नर तालुक्यातल्या एका लहान गावच्या म्युनिसिपालिटीत मी हेडक्लार्क होतो. मार्चअखेरची बजेटाची सभा आली की घरी बायको म्हणायची, "आज काय घडतंय ते नीट ऐकून या हो!"

आमचे अध्यक्ष रावसाहेब. सरकारनं नेमलेले, कायद्याच्या पुस्तकाबाहेर पाऊल न टाकणारे. सभासदांत खरे बोलणारे दोघंच. एक हुसेनभाई कागदी. हातकागद बनवायचे, इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं. दुसरे तेलाचे व्यापारी गेनूशेठ. खर्चाचा शब्द निघाला की हे म्हणणार, "माझा विरोध लिहा!"

*

बजेटाचा छापील फॉर्म इंग्रजीत यायचा. सगळे माना डोलवायचे आणि सही करायचे. एका वर्षी हुसेनभाईंनी फॉर्मवर हातच ठेवला.

"गाव आमचं, पट्टी आमची, आन वाचायचं दुसऱ्याच्या भाषेत? मराठीत सांगा. न्हाईतर मी उठत न्हाई."

दुपार गेली. एकेक ओळ मी मराठीत सांगत होतो. एका ओळीवर मी अडखळलो. "हे मिसलेनियस. म्हणजे किरकोळ."

"रक्कम किती?"

मी सांगितली. सगळ्या बजेटात सर्वांत मोठी तीच!

हुसेनभाई शांतपणे म्हणाले, "रावसाहेब, हे किरकोळ असंल तर आपण बाकीचं वाचतोय कशाला?"

किरकोळ फोडलं. आत निघाल्या दौऱ्यावर येणाऱ्या कलेक्टरसाहेबांच्या स्वागताच्या कमानी, फेटे आणि हारतुरे! पुढच्या वर्षी साहेब आले ते कमानीशिवाय. आले की नीट, कुठं अडले नाहीत!

*

तेल वाचवायचा ठराव गेनूशेठनीच आणला. स्वतः तेल विकणारा माणूस! म्हणाले, "शुक्ल पक्षात चांदणं फुकट मिळतंय. रस्त्यावरचे कंदील कशाला?" ठराव पास झाला.

आषाढात दिवाबत्तीवाला म्हातारा शिदू पंचांग घेऊन सभेत येऊन उभा राहिला.

"शेठ, पंचांगात चांदणं हाय. वर आभाळ हे असं गच्च. काल दोगं गटारात पडली. म्या कुनाचं ऐकू, पंचांगाचं का आभाळाचं?"

गेनूशेठनी शिदूच्या हातातलं पंचांग घेऊन मिटलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लिहा. पावसाळ्यात कंदील रोज लावायचं. आन आधीचा ठराव माझाच व्हता ना? त्याला माझाच विरोध लिहा!"

*

प्लेगाच्या साथीत गाव रिकामं झालं. सगळे रानात झोपड्या टाकून राहिले. तशात मार्च आला. झोपड्यांना औषध हवं, चुना हवा. बजेट पास झाल्याशिवाय पैसा हलणार नाही.

पण रावसाहेब अडले. "सभा कचेरीतच झाली पाहिजे. कायदा आहे."

"कचेरीत उंदरं मरून पडल्यात!" हुसेनभाई ओरडले.

रावसाहेब उठले आणि एकटेच गावाकडं चालू लागले. तासाभरानं परत आले ते कचेरीची पाटी डोक्यावर घेऊन. फिनेलनं धुतली, आंब्याच्या फांदीला टांगली, खाली पुस्तक उघडलं.

"कचेरीत सभेला सुरुवात होत आहे," म्हणाले. "बसा!"

*

खालच्या आळीत कागद्यांची घरं आणि डोंगराकडून मजुरीला उतरलेली माणसं. त्यांचा पाण्याचा खापरी नळ फुटून दोन वर्षं झालेली. बायका ओढ्यात झरे उकरायच्या. दुरुस्तीची बाब बजेटात आली, त्यासाठी नवी पाणीपट्टी बसणार होती.

सभेच्या दिवशी दारात ठकूबाई येऊन बसली. डोंगरातली विधवा, पुढ्यात रिकामा हंडा.

रावसाहेब म्हणाले, "बाई, बाहेरच्यांना इथं बोलता येत नाही."

"मी कुटं बोलते, सायेब? ऐकाया आले. पान्याचं काय ठरतंय त्येवडं ऐकते."

बजेट तीन दिवस चाललं. रस्ते झाले, शाळा झाली. ठकूबाई मजुरी बुडवून तीन दिवस तिथंच. आपली बाब आली तेव्हा ताठ बसली.

मतं पडली. गेनूशेठ म्हणाले, "नवी पट्टी न्हाई. माझा विरोध लिहा!" आणि त्या एका मतानं ठराव पडला.

ठकूबाईनं हंडा उचलला. "पुढल्या मार्चाला येते," म्हणाली आणि गेली.

*

सभा संपल्यावर तिसऱ्या दिवशी मी सहीसाठी गेनूशेठच्या घरी गेलो. त्यांच्या अंगणात गावातली सगळ्यात गोड पाण्याची विहीर. अंगणाला भलंमोठं सागवानी दार, कायम कडी घातलेलं. त्या दिवशी तिथं दारच नव्हतं! नुसत्या बिजागऱ्या. आत खालच्या आळीच्या बायका पाणी शेंदत होत्या. ठकूबाई होती, हुसेनभाईंची सून होती.

शेठाणी आतून कळवळून म्हणत होत्या, "आवो, घरात देवधरम हाय. जरा बगा तरी!"

"दार दुरुस्तीला दिलंय," शेठ म्हणाले आणि सही केली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. गावात सुतार एकच. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी तर दार पाह्यलंच न्हाई."

पुढचा मार्च आला. दारात ठकूबाई. पाण्याची बाब निघाली. "माझा विरोध लिहा!" गेनूशेठ म्हणाले. पण या वेळी बाकी सगळ्यांचे हात वर गेले. त्यांच्याकडं न बघता!

संध्याकाळी सही घ्यायला गेलो. बिजागऱ्या तशाच, अंगणात घागरींची रांग. मला राहवेना.

"शेठ, वर्ष झालं. एवढं बिघडलं तरी काय होतं दाराला?"

शेठनी सही केली, टाक पुसला.

"लागत व्हतं," म्हणाले.